गेलेला नेता आणि राहिलेली माणसे

श्रोतेहो, ग्रामपंचायतीची निवडणूक आपण सर्वांनीच पाहिली आहे. मतमोजणी होते, गुलाल उधळला जातो, मिरवणूक निघते, रात्री उशिरा सारे झोपतात. खरी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. हरलेल्या बाजूच्या माणसाची पिठाची गिरणी गावात एकच असते. जिंकलेल्यांच्या घरातले दळण तिथे न्यायचे की चार मैलांवरच्या दुसऱ्या गावी? जुन्या सरपंचाने बांधलेल्या शाळेच्या खोलीवर त्याच्या नावाची पाटी आहे. ती ठेवायची की काढायची? आणि ज्या दीडशे-दोनशे घरांनी त्याला शेवटपर्यंत मते दिली, त्यांचे काय? सरपंच बदलता येतो. घरे तिथेच राहतात.

आज मी आपल्याला ज्या देशाची हकीगत सांगणार आहे, त्या देशाला हाच प्रश्न १९५५ साली पडला. त्याचे बरे उत्तर सापडायला त्याला जवळजवळ तीस वर्षे लागली, आणि त्या तीस वर्षांत हजारो माणसे प्राणास मुकली. हा देश म्हणजे दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना. आपल्या पोरांना तो फुटबॉलमुळे ठाऊक आहे, आणि आपल्या घरी जे सोयाबीनचे तेल येते त्यातले पुष्कळसे तिकडून जहाजाने येते, म्हणजे स्वयंपाकघरालाही तो अगदीच परका नाही. विस्ताराने भारतापेक्षा थोडाच लहान, पण लोकसंख्या अवघी साडेचार कोटींच्या आसपास. पांपा नावाचा सपाट, काळ्या कसदार मातीचा प्रदेश, त्यावर गहू आणि गुरे. विसाव्या शतकाच्या आरंभी जगातल्या श्रीमंत देशांत त्याची गणना होई. जमिनी मात्र मोजक्या घराण्यांच्या हाती होत्या, आणि राबणारे राबत होते.

१९४३ साली तिथे लष्कराने सत्ता घेतली. त्या सरकारात ह्वान पेरोन नावाचा एक कर्नल होता. त्याने आपणहून कामगारखाते मागून घेतले. दुसऱ्या कोणाला ते नकोच होते! १९४४ साली त्याने शेतमजुरांसाठी एक कायदा केला. आपल्याकडे जसा सालदार असतो, तसा तिकडे ‘पेओन’ असे. मालकाच्या वाड्यावर राहायचे, मालक देईल ते खायचे, मालक म्हणेल तेव्हा उठायचे. या कायद्याने त्याला किमान मजुरी दिली, रविवारची सुट्टी दिली, पगारी रजा दिली, राहायला धड जागा आणि आजारपणात औषध देण्याची जबाबदारी मालकावर टाकली. ज्याच्या आजाने आणि बापाने कधी ‘रजा’ हा शब्द ऐकला नव्हता, त्याला हा माणूस कसा वाटला असेल, याची कल्पना तुम्ही शेतावर राबणारी माणसे माझ्यापेक्षा चांगली करू शकाल.

पुढे सहकारी सेनाधिकाऱ्यांनीच पेरोनला अटक केली, तेव्हा १७ ऑक्टोबर १९४५ रोजी कारखान्यांतले कामगार राजधानीत, ब्वेनोस आयरेस शहरात, चालत आले. प्लासा दे मायो नावाच्या मुख्य चौकात ते दिवसभर बसले, उकाड्याने हैराण होऊन काहींनी चौकातल्या कारंज्याच्या हौदात पाय सोडले. शहरातल्या प्रतिष्ठितांना ते पाय कधी विसरता आले नाहीत. रात्री पेरोन सुटला. १९४६ साली तो रीतसर निवडणुकीने राष्ट्राध्यक्ष झाला. त्याची पत्नी एवा, लोक तिला एविता म्हणत, गरिबीतून वर आलेली नटी होती. १९४७ साली स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, त्यात तिचा वाटा मोठा होता. तिच्या नावाची एक संस्था गोरगरिबांना शिवणयंत्रे वाटे, पोरांना खेळणी वाटे, दवाखाने काढी. १९५२ साली, वयाच्या ३३ व्या वर्षी, ती कर्करोगाने वारली.

एवढेच सांगून थांबलो तर मी तुम्हाला अर्धी गोष्ट सांगितली असे होईल. याच पेरोनने विरोधकांची तोंडे बंद केली. ‘ला प्रेन्सा’ हे देशातले मोठे आणि जुने वर्तमानपत्र १९५१ साली सरकारने ताब्यात घेतले. विरोधी रॅडिकल पक्षाचे लोकसभेतले नेते रिकार्दो बालबिन यांना, राष्ट्राध्यक्षांचा अवमान केला म्हणून, तुरुंगात घातले. श्रोत्यांत शिक्षकबंधू आणि भगिनी असतील, त्यांनी पुढचे विशेष लक्ष देऊन ऐकावे. एविताच्या नावाने निघालेले तिचे आत्मकथन शाळांत सक्तीचे केले. पहिली-दुसरीच्या पुस्तकांत आई, बाबा, घर, गाय यांच्या बरोबरीने पेरोन आणि एविता यांची चित्रे आणि गुणगान आले. ला प्लाता या मोठ्या शहराला एवा पेरोन हे नाव दिले. दोन प्रांतांचीही नावे बदलली, एकाला नवऱ्याचे आणि एकाला बायकोचे. तेव्हा देश दोन घरांत वाटला गेला. एका घरी त्यांचा फोटो देवाशेजारी, दुसऱ्या घरी त्यांचे नाव निघाले की दाराला कडी.

हा वैरभाव एकाच बाजूने वाढवला असे नाही. १९५३ साली पेरोनच्या सभेत बाँब फुटले, माणसे मेली, आणि त्याच रात्री त्याच्या अनुयायांनी विरोधी पक्षांच्या कचेऱ्या आणि श्रीमंतांचा जॉकी क्लब जाळला. १६ जून १९५५ रोजी तर नौदलाच्या विमानांनी भरदिवसा प्लासा दे मायो चौकावर बाँब टाकले. पेरोनला मारायचे होते. तो वाचला. चौकात आपापल्या कामाला निघालेली तीनशेहून अधिक माणसे मेली. आपल्याच देशाच्या विमानांनी आपल्याच राजधानीवर बाँब टाकावेत, ही गोष्ट ऐकायलाही जड जाते. त्या रात्री जमावाने चर्चेस पेटवली. ऑगस्टच्या शेवटी पेरोनने भाषण केले, त्याचा अर्थ असा की, आमचा एक पडला तर त्यांचे पाच पाडू. सप्टेंबरात लष्कराने उठाव केला आणि पेरोन पराग्वेच्या एका गनबोटीवर आश्रय घेऊन देश सोडून गेला.

नेता गेला. आता काय?

नव्या सरकारचे प्रमुख जनरल लोनार्दी यांनी एक चांगले वाक्य उच्चारले, की कोणी विजेते नाहीत आणि कोणी पराजित नाहीत. हे वाक्य त्यांचे स्वतःचे नव्हते. १८५२ साली, एका जुन्या हुकूमशहाच्या पाडावानंतर, त्याच देशात ते बोलले गेले होते. लोनार्दी हा माणूस सरळ होता असे माझे मत आहे. पेरोन वेगळा आणि पेरोनला मत देणारा मजूर वेगळा, हे त्याला कळत होते. पण त्याच्या सोबत्यांना ते कळून घ्यायचे नव्हते. दोन महिन्यांच्या आत त्यांनी त्याला बाजूला केले आणि जनरल आराम्बुरू खुर्चीवर आले.

मग मार्च १९५६ मध्ये एक वटहुकूम निघाला, क्रमांक ४१६१. त्याने पेरोनचे नाव घेण्यास बंदी केली. पेरोनचे, त्याच्या पत्नीचे, त्याच्या नातलगांचे. त्यांचा फोटो बाळगण्यास बंदी, त्यांच्या पक्षाचे गाणे म्हणण्यास बंदी, ‘पेरोनवाद’ हा शब्द उच्चारण्यास बंदी. शिक्षा तीस दिवसांपासून सहा वर्षांपर्यंत. वर्तमानपत्रांना बातमी तर द्यावी लागे, तेव्हा ती बिचारी ‘पळून गेलेला जुलमी’ असे लिहीत. शहरांची आणि प्रांतांची जुनी नावे परत आली, ते योग्यच झाले. पण पुतळे फोडले, पुस्तके जाळली, आणि ज्या वाड्यात एविता वारली तो सुंदर वाडा पाडून जमीन सपाट केली, कारण लोक तिथे येऊन फुले ठेवतील ही भीती. पुष्कळ वर्षांनी त्या जागेवर राष्ट्रीय ग्रंथालय उभे राहिले. ते १९९२ साली उघडले.

आणि एविताचे शव? ते मसाला भरून जतन केलेले होते आणि कामगारसंघाच्या इमारतीत ठेवले होते. नोव्हेंबर १९५५ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी ते रातोरात उचलले. कुठे पुरावे हे कळेना, म्हणून महिनोन्‌महिने ते या गोदामातून त्या कचेरीत हलवीत राहिले. शेवटी १९५७ साली इटलीत, मिलान शहरात, भलत्याच बाईच्या नावाने ते गुपचूप पुरले. आपल्याकडे वैऱ्याच्या मयतालाही माणूस खांदा द्यायला जातो, निदान दारात उभा तरी राहतो. मेल्या बाईला लपवणाऱ्या सरकारविषयी मजुराच्या झोपडीत काय बोलणे झाले असेल! जो फोटो भिंतीवर होता तो ट्रंकेच्या तळाशी गेला. ट्रंकेत ठेवलेली वस्तू जुनी होत नाही, ती जपली जाते.

जून १९५६ मध्ये पेरोनच्या बाजूच्या काही सैनिकांनी बंड केले. ते एका रात्रीत मोडले, आणि सरकारने सुमारे २७ जणांना गोळ्या घातल्या. त्यांत काही साधे नागरिक होते. त्यांना एका घरातून पकडून गावाबाहेरच्या उकिरड्यावर नेऊन गोळ्या झाडल्या. राजकीय बंडासाठी असे देहदंड देणे त्या देशात कित्येक दशकांत घडले नव्हते.

यानंतरचा काळ मी भराभर सांगतो, कारण त्यात तेच ते पुन्हा पुन्हा घडले. निवडणुका होत, पण पेरोनच्या पक्षाला उभे राहू देत नसत. १९५७ साली घटना-समितीची निवडणूक झाली, तेव्हा पेरोनने परदेशातून निरोप धाडला, की कोरी मतपत्रिका टाका. मोजणी झाली तर कोऱ्या मतपत्रिका कोणत्याही एका पक्षाच्या मतांहून जास्त! म्हणजे देशातला सर्वांत मोठा पक्ष हा न बोलणाऱ्यांचा पक्ष होता. १९५८ साली फ्रोंदिसी हे पेरोनशी आतून समझोता करून निवडून आले. १९६२ साली त्यांनी पेरोनवाद्यांना प्रांतिक निवडणुका लढवू दिल्या, ते जिंकले, आणि अकरा दिवसांत लष्कराने फ्रोंदिसींनाच घरी बसवले. १९६३ साली डॉक्टर इलिया हे एक निःस्पृह, प्रामाणिक गृहस्थ राष्ट्राध्यक्ष झाले, पण पंचवीस टक्के मतांवर. पेरोनवाद्यांना आपले म्हणणे मांडायची मुभाच नव्हती. त्यांनाही १९६६ साली लष्कराने काढले. इतका सज्जन माणूस गेला तेव्हा त्याच्यासाठी रस्त्यावर फारसे कोणी उतरले नाही, हे मला त्या साऱ्या काळातले सर्वांत वाईट लक्षण वाटते.

मघाशी मी शिक्षकांना लक्ष द्यायला सांगितले, त्याचे कारण आता येते. २९ मे १९७० रोजी आराम्बुरू यांना त्यांच्या राहत्या घरातून पळवून नेले आणि तीन दिवसांनी ठार मारले. मारणाऱ्यांनी सांगितलेली कारणे दोनच महत्त्वाची होती, १९५६ चे देहदंड आणि एविताचे शव. हे कोणी जुने, मुरलेले पेरोनवादी होते काय? नाही. ती विशीतली पोरे होती. पेरोन गेला तेव्हा त्यांच्या म्होरक्यांपैकी कोणी सात वर्षांचा, कोणी आठ वर्षांचा. त्यांच्यातले पुष्कळ जण तर पेरोनचा तिटकारा करणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी घरांतून आलेले होते. ज्याचे नाव घ्यायला बंदी, त्याच्याविषयी मुलांच्या मनात जो पेरोन तयार झाला तो खऱ्या पेरोनपेक्षा कितीतरी मोठा आणि कितीतरी शुद्ध होता. खरा पेरोन माद्रिदमध्ये म्हातारा होत होता.

१९७२ च्या नोव्हेंबरात, सतरा वर्षांनी, तो परत आला. राजधानीलगतच्या एका वस्तीत तो उतरला होता आणि दारात अफाट गर्दी लोटली होती. त्याला भेटायला एक गृहस्थ आले. कोण? ते रिकार्दो बालबिन, ज्यांना पेरोनने तुरुंगात टाकले होते ते. पुढच्या दाराने जाणे अशक्य, म्हणून अडुसष्ट वर्षांचे बालबिन शेजारच्या घरात शिरले आणि मागच्या अंगाने भिंत ओलांडून पेरोनच्या अंगणात उतरले. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. पेरोन १ जुलै १९७४ ला वारला तेव्हा शवपेटीसमोर बालबिन यांनीच भाषण केले आणि म्हटले, की हा जुना विरोधक आज एका मित्राला निरोप देत आहे. दोन म्हाताऱ्यांना जे कळले होते ते खरे होते, मनापासून होते. पण उशीर झाला होता. वडीलधारी माणसे समेट करून बसली तोवर पोरांच्या हाती बंदुका आल्या होत्या. २० जून १९७३ रोजी पेरोनच्या स्वागताला एसेइसा विमानतळाजवळ लाखो लोक जमले, तिथे पेरोनवाद्यांच्याच उजव्या आणि डाव्या गटांत गोळीबार झाला, किमान तेरा माणसे मेली. तो तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाला खरा, सुमारे ६२ टक्के मतांनी, पण नऊ महिन्यांत गेला. मागे त्याची तिसरी पत्नी इसाबेल आली, रोज खून पडू लागले, भाव गगनाला भिडले, आणि २४ मार्च १९७६ रोजी पुन्हा लष्कर आले.

पुढील सात वर्षे त्या देशाच्या इतिहासातील सर्वांत काळी. माणसे रात्री घरातून उचलली जात आणि परत येत नसत. नंतर नेमलेल्या चौकशी मंडळाने जवळजवळ नऊ हजार नावे नोंदली. मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटना तीस हजार म्हणतात. १९७७ च्या एप्रिलपासून बेपत्ता मुलांच्या आया डोक्याला पांढरे रुमाल बांधून त्याच प्लासा दे मायो चौकात फेऱ्या घालू लागल्या. १९८२ साली सेनापतींनी फॉकलंड बेटांसाठी ब्रिटनशी युद्ध केले, ते हरले, आणि त्यांची रया गेली.

३० ऑक्टोबर १९८३ ला निवडणूक ठरली. या वेळी एक गोष्ट वेगळी होती. पेरोनच्या पक्षावर बंदी नव्हती. सर्वांना वाटत होते की तोच जिंकणार. समोर रॅडिकल पक्षाचे राउल आल्फोन्सिन नावाचे वकील होते. सभेच्या शेवटी ते देशाच्या घटनेची प्रस्तावना तोंडपाठ म्हणत, आणि सभेतली माणसे त्यांच्याबरोबर म्हणत. आपल्या शाळांत मुले आपल्या घटनेची उद्देशिका म्हणतात, अगदी तसे. मतदानाच्या दोन दिवस आधी पेरोनवाद्यांच्या अखेरच्या प्रचंड सभेत त्यांच्याच एका पुढाऱ्याने रॅडिकल पक्षाच्या रंगांनी रंगवलेली एक शवपेटी पेटवून दिली. दूरचित्रवाणीवर ती ज्वाळा साऱ्या देशाने पाहिली. सात वर्षे खऱ्या शवपेट्याही ज्यांना मिळाल्या नव्हत्या त्या लोकांना ती थट्टा सोसली नाही. आल्फोन्सिन यांना सुमारे ५२ टक्के मते पडली, पेरोनवाद्यांना ४० टक्के. मुक्त निवडणुकीत राष्ट्राध्यक्षपदासाठी पेरोनवाद प्रथमच हरला. जे काम अठरा वर्षांच्या बंदीला जमले नाही, ते एका दिवसाच्या मतदानाने केले. आणि पेरोनवाद्यांनी आपला पराभव मान्य केला.

आल्फोन्सिन यांनी काय केले ते पाहा. सेनापतींनी जाता जाता स्वतःला माफी देणारा कायदा करून ठेवला होता, तो नव्या संसदेने रद्द केला. आल्फोन्सिन यांनी सेनापतींवर आणि बंदूकधारी गटांच्या म्होरक्यांवर, दोघांवरही खटले भरण्याचा हुकूम दिला. १९८५ साली सेनापती साध्या नागरी न्यायाधीशांसमोर उभे राहिले. आठशेहून अधिक साक्षीदारांनी साक्षी दिल्या. नऊ सेनापतींपैकी दोघांना, विदेला आणि मासेरा यांना, जन्मठेप झाली, तिघांना कमी मुदतीच्या शिक्षा, आणि चौघे सुटले. चौघे सुटले हे मुद्दाम सांगतो. १९५६ साली उकिरड्यावर रात्री गोळ्या घातल्या तेव्हा कोणी सुटले ते पळाले म्हणून सुटले. १९८५ साली जे सुटले ते पुरावा कमी पडला म्हणून.

पण माझ्या दृष्टीने खरी परीक्षा १९८७ च्या ईस्टरच्या सणात झाली. खटले पुढे चालू नयेत म्हणून काही सैनिकी अधिकाऱ्यांनी तोंडाला काळे फासून बंड केले. पूर्वी अशा वेळी काय होई? विरोधी पक्ष मनातून खूश होई, म्हणे बरे झाले, याची खोड मोडली. या वेळी आल्फोन्सिन राष्ट्रपतिभवनाच्या सज्जात लोकांसमोर आले, तेव्हा त्यांच्या शेजारी आंतोनिओ काफिएरो उभे होते. काफिएरो म्हणजे पेरोनच्या मंत्रिमंडळातले जुने मंत्री, पेरोनवाद्यांचे तेव्हाचे पुढारी. पाचच महिन्यांनी त्यांना आल्फोन्सिन यांच्या पक्षाविरुद्ध निवडणूक लढवायची होती, आणि ती त्यांनी जिंकलीही. तरी त्या दिवशी ते तिथे उभे राहिले. एकमेकांच्या धोरणांवर ते आदल्या आठवड्यात तुटून पडत होते, पुढल्या आठवड्यातही पडणार होते. बंड शमले. आल्फोन्सिन यांनी नंतर खालच्या अधिकाऱ्यांचे खटले थांबवणारा कायदा केला, तो मला पटत नाही, त्यांच्या पुष्कळ चाहत्यांनाही पटला नाही. तो कायदा २००३ साली संसदेने रद्दबातल ठरवला आणि खटले पुन्हा उभे राहिले. विदेला २०१३ साली तुरुंगातच वारला.

१९८९ साली महागाईने आल्फोन्सिन यांचे कंबरडे मोडले आणि पेरोनवादी मेनेम निवडून आले. पाच महिने आधीच सत्ता सोडून आल्फोन्सिन घरी गेले. लोकांनी निवडलेल्या एका अध्यक्षाने दुसऱ्या पक्षाच्या, लोकांनीच निवडलेल्या अध्यक्षाला पदभार देणे हे १९१६ नंतर प्रथमच घडत होते. २००१ च्या डिसेंबरात बँकांतल्या ठेवी गोठवल्या गेल्या, दंगलीत तीसहून अधिक माणसे मेली, दोन आठवड्यांच्या आत पाच जणांकडे राष्ट्राध्यक्षपदाचा भार आला. साऱ्या देशाची नजर छावण्यांच्या दाराकडे गेली असेल. दार उघडले नाही. संसदेत पेरोनवादी आणि रॅडिकल यांनी मिळून मते दिली आणि नवा अध्यक्ष निवडला.

मग आता तो देश बरा झाला म्हणायचे काय? तिथली माणसे तसे म्हणत नाहीत. त्यांच्या भाषेत ‘ग्रिएता’ असा शब्द आहे, म्हणजे भेग, आपल्या काळ्या रानात उन्हाळ्यात पडते तशी. गेली काही वर्षे हा शब्द तिकडच्या राजकारणात रोज ऐकू येतो. डिसेंबर २०१५ मध्ये पेरोनवादी अध्यक्षा क्रिस्तिना किर्शनेर यांचा आणि निवडून आलेल्या माक्री यांचा वाद पेटला. कशावरून? पदाची पट्टी आणि काठी कोणत्या इमारतीत द्यायची यावरून! अखेर बाई समारंभाला आल्याच नाहीत. सिनेटचे एक सभासद बारा तासांपुरते अध्यक्ष झाले आणि त्यांनी काठी दिली. हसू येते खरे, पण मी त्या बारा तासांकडे वेगळ्या नजरेने पाहतो. रुसवा होता, आणि रुसवा सांभाळून घ्यायला कायदा होता. २०२२ साली याच बाईंच्या तोंडासमोर एकाने पिस्तूल धरले, ते उडाले नाही म्हणून त्या वाचल्या. २०२३ च्या १० डिसेंबरला त्यांचे कडवे विरोधक मिलेई अध्यक्ष झाले, तेव्हा उपाध्यक्षा म्हणून क्रिस्तिना बाई तिथे हजर होत्या. मिलेई यांनी आपल्या नव्या काठीवर आपल्या कुत्र्यांची चित्रे कोरून घेतली होती. ती त्यांनी बाईंना दाखवली, आणि दोघे हसले.

जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भ्रष्टाचाराच्या खटल्यात क्रिस्तिना बाईंची सहा वर्षांची शिक्षा कायम केली. शिक्षेबरोबर सरकारी पद धरण्यास कायमची मनाईही आली. वय सत्तरीच्या पुढचे, म्हणून ती घरीच भोगायची. निम्मा देश म्हणतो हा न्याय, निम्मा म्हणतो ही जुनीच बंदी नव्या कागदावर. तो वाद मी इथे बसून मिटवू शकत नाही. पण निकालानंतर त्यांच्या घराखाली माणसे जमली, त्यांचे नाव घेऊन ओरडली, त्या सज्जात येऊन हात हलवून आत गेल्या. नाव घेतले म्हणून कोणाला तीस दिवसांची कैद झाली नाही. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात संसदेच्या निवडणुका आल्या, तेव्हा त्यांच्या पक्षाची माणसे कोरी मतपत्रिका न टाकता आपल्या उमेदवाराला मत द्यायला रांगेत उभी होती.